ऑक्टेन, सेटेन आणि मेहुण्याची गाडी

"पेट्रोल! पेट्रोल म्हणजे काय? पेट्रोल म्हणजे संयम!" सर स्टीअरिंगवरचा एक हात उंचावून म्हणाले. शेजारी बसलेल्या बायकोने मांडीवरच्या कागदांत बोट फिरवून वाक्य पडताळलं आणि "बरोबर, पुढे," म्हणाली. गाडीबाहेर पंपवाल्याने मान डोलावली आणि नळी टाकीत घातली.

तांत्रिक महाविद्यालयात सरांनी एकतीस वर्षं इंजिनं आणि इंधनं शिकवली होती. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. आज पंपचालकांच्या संघटनेने त्यांना प्रमुख वक्ता म्हणून बोलावलं होतं. विषय होता 'योग्य इंजिनाला योग्य इंधन'. सरांनी आठवडाभर घरात भाषण घोकलं होतं. बायकोला ते इतकं पाठ झालं होतं की परवा कणीक मळताना तिच्या तोंडून आपोआप "ज्वलनांक" असा शब्द निघाला होता.

गाडी मेहुण्याची होती. सकाळी ती आणायला गेले तेव्हा मेहुणा अंघोळीला गेला होता, त्यामुळे त्याच्या बायकोने दारातूनच किल्ली दिली. मागून आणलेल्या गाडीची टाकी भरून परत करावी, हा सरांचा शिरस्ता. सभागृह रस्त्याच्या पलीकडेच होतं आणि हाताशी अर्धा तास होता.

"झालं, साहेब. टाकी फुल्ल. चाळीस लिटर पेट्रोल," पंपवाला म्हणाला.

सरांचा किल्लीकडे जाणारा हात हवेतच थांबला.

"काय भरलंत?"

"पेट्रोल. तुम्हीच तीनदा ओरडलात की."

"अहो, ते भाषण होतं!" सर पांढरेफटक पडले. "मेहुण्याची गाडी डिझेलची आहे!"

"अरे देवा," बायको म्हणाली. "आता तो मला आयुष्यभर ऐकवणार."

"कोणी किल्लीला हात लावायचा नाही!" सर गाडीतून उतरले आणि दोन्ही हात पसरून दारासमोर उभे राहिले. "डिझेलला अंगचा बुळबुळीतपणा असतो. त्याच्यावरच इंजिनाचा पंप चालतो. पेट्रोल पडलं कोरडं. गाडी चालू केली की पंप घासून खलास!"

"साहेब, पण झाकणावर..." पंपवाल्याने सुरुवात केली.

"झाकण आधी लावा! वाफ चालली आहे!"

पंपवाल्याने झाकण लावलं. मागे नऊ गाड्या खोळंबल्या होत्या आणि नऊही जण हॉर्न वाजवत होते. शेवटी त्यांच्यातल्याच चौघांनी गाडी ढकलत पंपाच्या मागच्या मोकळ्या आवारात नेली. सर बाजूने चालत त्यांना दिलासा देत होते, "घाबरू नका, ढकलल्याने पेट घेत नाही." त्यावर चौघांपैकी दोघे हळूच निघून गेले.

शेजारच्या गल्लीतला गॅरेजवाला रिकामे पिंप आणि हातपंप घेऊन आला. त्याने बॉनेट उघडायला हात घातला, तर सर कडाडले, "इंजिनाचा संबंध नाही! फक्त टाकी!" गॅरेजवाल्याने खांदे उडवले आणि टाकीत नळी सोडून पंप मारायला बसला.

इतक्यात संघटनेचे अध्यक्ष सरांना शोधत आले. सभागृहात साठ पंपचालक ताटकळले होते. अध्यक्षांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा पिंपाकडे आणि मग सरांकडे.

"सर, हे काय चाललंय?"

योग्य इंधनावर बोलायला निघालेल्या माणसाने या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? सरांनी घसा खाकरला. "प्रात्यक्षिक," ते म्हणाले.

बायकोने कपाळावर हात मारला. अध्यक्ष मात्र उजळले. "वा! स्वतःच्या गाडीवर? आजवर एकाही वक्त्याने इतकं केलेलं नाही हो!"

दहा मिनिटांत साठ पंपचालक आपापली खुर्ची डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडताना दिसले. आवारात खुर्च्या मांडल्या गेल्या, सगळ्यांचे मोबाइल बंद करवले गेले. पंपवाल्याला वाळूच्या बादल्या घेऊन उभं केलं. आणि सर बोलले. काय बोलले! एकतीस वर्षांत ते असे बोलले नव्हते.

"मित्रहो, इंजिनात पेट्रोल दाबलं जातं, तापतं, पण आपणहून पेटत नाही. ठिणगीची वाट बघतं. जितका संयम जास्त, तितका त्याचा ऑक्टेन आकडा मोठा. डिझेलचं उलट. त्याला नुसतं दाबलं की भडकलं! ठिणगी नको, काडी नको. भडकायची जितकी घाई, तितका सेटेन आकडा मोठा. माझा मेहुणाच घ्या..."

"अहो!" बायको म्हणाली.

"...घेऊ नका. मुद्दा असा, की संयमी माणसाला भडकू माणसाच्या जागी बसवलं तर संसार चालत नाही."

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे पुसले. त्यांना वाफेचा त्रास होत होता, पण परिणाम छान साधला.

टाकी रिकामी झाली. डिझेलपंपाची लांब नळी आवारापर्यंत ओढून आणली गेली. सरांनी तिचं तोंड जमलेल्यांना उंच करून दाखवलं. "नीट बघा! डिझेलच्या नळीचं तोंड मुद्दाम जाड ठेवलेलं असतं. का? तर ते पेट्रोलगाडीच्या टाकीत शिरूच नये! म्हणजे माणूस चुकला तरी नळी चुकत नाही!"

टाळ्या पडल्या. सरांनी नळी टाकीत घातली. ती शिरेना.

"जात नाहीये, सर," गॅरेजवाला म्हणाला.

"कचरा अडकला असेल. नरसाळं आणा."

नरसाळं आलं. पंपवाल्याने पुन्हा तोंड उघडलं होतं, पण अध्यक्षांनी त्याला "शूऽऽ" केलं. वीस लिटर डिझेल टाकीत गेलं. सरांनी सभेला नमस्कार केला, गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. इंजिन झटक्यात सुरू झालं. सगळे उठून उभे राहिले. टाळ्यांचा कडकडाट चालू असतानाच गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, आणि मागून असा पांढरा धूर सोडला की साठ पंपचालक दिसेनासे झाले. मग ती गप्प झाली.

धूर विरला तेव्हा त्यातून मेहुणा चालत आला. सभागृहात भाऊजींचं भाषण ऐकायला तो रिक्षाने पोचला होता.

"भाऊजी, काय झालं गाडीला?"

"काही नाही. डिझेल नुकतंच भरलंय, अजून वर चढलं नसेल."

"डिझेल?" मेहुण्याचा आवाज चिरकला. "अहो, ही पेट्रोलची आहे! डिझेलची मी दिवाळीआधीच विकली! रंग तोच घेतला, म्हणून काय..."

म्हणजे चाळीस लिटर योग्य इंधन मेहनतीने उपसून सरांनी तिथे अयोग्य इंधन नरसाळ्याने ओतलं होतं, आणि तेही कारणासहित समजावून देत. सरांना वाटलं, त्या पिंपात जाऊन बसावं.

"मित्रहो," ते कसेबसे म्हणाले, "हे प्रात्यक्षिक नव्हतं. मी चुकलो. आधी एकदा, आणि नंतर दुसऱ्यांदा."

मग अध्यक्ष सावकाश उठले. "सर, आता लपवत नाही. मागच्या वर्षी सासऱ्यांच्या गाडीत मी स्वतःच्या हाताने, नरसाळं लावून डिझेल घातलं होतं. पेट्रोलची गाडी. माझ्याच पंपावर."

"मी बायकोच्या," तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"मी तर बँकेच्या मॅनेजरच्या! कर्ज मंजूर व्हायच्या आदल्या दिवशी!"

मग कोणी थांबेना. एकाने पाण्याच्या टँकरची हकीकत सांगितली, एकाला सांगता सांगता रडू आलं. संघटनेच्या इतिहासात इतकी मोकळी सभा कधी झाली नव्हती. अखेर अध्यक्षांच्या लक्षात आलं, की या सगळ्या जमावात आज इंधन बरोबर भरलेला माणूस एकच आहे, आणि तो वाळूच्या बादल्या धरून उभा आहे. वक्त्यासाठी आणलेलं स्मृतिचिन्ह सरांच्याच हस्ते पंपवाल्याला दिलं गेलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "मी झाकणावरचं वाचतो. तिकडे रांग लागलीय, जाऊ का?"

गाडी गॅरेजात गेली. तिच्यामागे मेहुणाही गेला, बहिणीशी एक शब्द न बोलता. सर आणि बायको टॅक्सीने घरी निघाले. सर खिडकीबाहेर बघत होते. बायकोने भाषणाचे कागद पर्समध्ये नीट घडी करून ठेवले. दोन चौक गेल्यावर टॅक्सी वळली.

"दोन मिनिटं उतरता का?" ड्रायव्हर म्हणाला. "गॅस भरून घेतो."

दोघं उतरून कुंपणाशी उभे राहिले. सरांनी ओठ घट्ट मिटले होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बायको बराच वेळ ते बघत राहिली.

"गॅसचाही असतो का हो," ती शेवटी म्हणाली, "तो ऑक्टेन आकडा?"

सरांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. "असतो," ते हळूच म्हणाले. "पेट्रोलपेक्षा मोठा. खूपच मोठा."

"मग सांगा की," ती त्यांच्या जवळ सरकली. "पण हळू बोला. आणि हातवारे नकोत."