बिनसाखरेचं सरबत

गुरुवारी दुपारी दोनपर्यंत वीस सभासदांच्या सह्या आल्या नाहीत, तर इजिप्तमधल्या झगाझिग शहरातल्या लहानशा विज्ञान महाविद्यालयातलं रसायन मंडळ बंद होणार होतं. सभासद दोनच होते: अध्यक्ष रदवा आणि सचिव हाझिम. मंडळाबरोबर खत कारखान्यातलं उन्हाळी प्रशिक्षणही जाणार, कारण ते फक्त नोंदणी झालेल्या मंडळांना मिळे. रदवा दोन वर्षं त्या प्रशिक्षणावर डोळा ठेवून होती.

लोक जमावेत म्हणून तिने एक प्रयोग ठरवला. करकदेचं, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं, पाणी एरवी लालभडक असतं. त्यात सोडा पडला की हिरवं होतं. प्रयोगशाळेतली काचेची भांडी बाहेर न्यायला परवानगी नव्हती, तेव्हा कॅन्टीनमधून चहाचे चोवीस ग्लास आणले. साखर घालायचा प्रश्नच नव्हता. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात तबक हाझिमने न्यायचं आणि रदवाने पुढे होऊन दारं उघडायची, असं ठरलं. मंडळाची छाप पडावी म्हणून हाझिम भावाचा सूट घालून आला होता.

जिन्याशी शिपाई शेहाता काका बसले होते. त्यांनी सूट पाहिला, पुढे चाललेली मुलगी पाहिली, तबकातले लाल ग्लास पाहिले. साखरपुड्याचं सरबत लाल असतं हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. काका उठले आणि त्यांनी एक ग्लास उचलला.

“कधी ठरवलंत रे, चोरांनो?”

“काका, हे सरबत नाही. रसायनातला दर्शक आहे,” रदवा म्हणाली.

“दर्शक तर आम्ही. तुम्ही जोडी,” असं म्हणून काकांनी घोट घेतला. त्यांचा चेहरा आक्रसला, पण शुभकार्यात खोड काढू नये म्हणून त्यांनी ग्लास संपवला.

पहिल्या मजल्यावर आठ ग्लास गेले. रदवा प्रत्येकाला खरं काय ते सांगत होती आणि प्रत्येक जण मुलगी लाजते आहे असं म्हणून ग्लास उचलत होता. दुसऱ्या मजल्यावर विद्यार्थी कार्यालयाच्या कौसर मॅडमनी जीभ वळवून असा झगरूता, म्हणजे लग्नघरातली आनंदाची किलकारी, काढला की जीवशास्त्राचा तास आपोआप सुटला. सरबतात साखर नाही, हे तिथे पहिल्यांदा कुणीतरी उघड बोललं. मुलीकडच्यांचा हात आखडता दिसतो, असं त्याचं कारणही लगेच सापडलं. हाझिम मात्र कुणालाच नाही म्हणत नव्हता. तबक जड आहे, एवढंच त्याचं म्हणणं.

सभागृहात पोचले तेव्हा तबकात एक ग्लास उरला होता आणि मागे साठ माणसं होती. रदवाने शांतपणे सगळा खुलासा केला आणि ग्लासात सोडा टाकला. पाणी हिरवं झालं. पोरांची दृष्ट निघाली, असं मागून कुणीतरी म्हणालं. मग तिने सह्यांच्या कागदाचा मथळा दोनदा मोठ्याने वाचून दाखवला: ‘मी रसायन मंडळाचा सभासद होत आहे.’ शुभेच्छा याच्या खालीच लिहायच्या का, असं एकीने विचारलं. तोवर पेन पुढच्या रांगेत गेलं होतं. एक्केचाळीस सह्या झाल्या.

दीड वाजता कौसर मॅडमनी सह्या मोजल्या, शिक्का उचलला आणि तो हवेतच धरला. नियम सातवा: अध्यक्ष आणि सचिव एका कुटुंबातले नसावेत.

“आम्ही नाही आहोत एका कुटुंबातले,” रदवा म्हणाली.

“आज नाही, उद्या व्हाल. अख्खी इमारत सरबत प्यायली आहे.”

बऱ्याच विनवण्यांनंतर मॅडम एवढ्यावर आल्या, की घरच्या मोठ्या माणसाने लिहून द्यावं की काही ठरलेलं नाही. बोलवायचीही गरज पडली नाही. बातमी घरी पोचली होती आणि रदवाची आई बसबूसा मिठाईचं खोकं घेऊन दारात उभी होती. रदवाने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. साखरपुडा झाला नाही याचं आईला फारसं काही वाटलं नाही. आपल्या नावावर लोकांना बिनसाखरेचं सरबत पाजलं, हे मात्र तिला चांगलंच लागलं.

“लिही ना गं आई. दहा मिनिटं राहिलीत.”

“लिहिते की. पण चौकशी केल्याशिवाय ‘नाही’ असं कसं लिहू?” आई हाझिमकडे वळली. “वडील काय करतात, बाळा?”

“औषधाचं दुकान आहे, काकू,” सकाळपासून मुका झालेला हाझिम म्हणाला. “घर स्वतःचं आहे. धाकट्या बहिणीचं लग्न झालंय.”

बहिणीचं कुणी विचारलं नव्हतं. आईने पेन खाली ठेवलं आणि दुकान कोणत्या रस्त्यावर ते विचारलं. घड्याळात दोनला चार मिनिटं होती. आई काही लिहीत नाही, हे रदवाला कळून चुकलं.

हाझिमने आईसमोरचा कोरा कागद स्वतःकडे ओढला. एकाने पद सोडलं की नियमाचा प्रश्नच मिटतो, असं म्हणून त्याने सचिवपदाचा राजीनामा लिहिला. कारण द्यायलाच हवं, मॅडम म्हणाल्या. त्याने जरा विचार केला आणि लिहिलं: ‘कौटुंबीक’.

रदवाने कागद दोनदा वाचला. त्या शब्दात एक अक्षर चुकलं होतं. तिने तेवढं दुरुस्त केलं आणि कागद मॅडमकडे सरकवला.