पानं खाणाऱ्याचा माग

"मुंगी खोलीत शिरली, तर तिने डावा पाय आधी टाकला की उजवा, हे मी नुसत्या नजरेने सांगतो," असं माझे मामा स्वतःबद्दल सांगतात. ते खाजगी गुप्तहेर आहेत आणि मी त्यांची बिनपगारी मदतनीस. मुंगीला सहा पाय असतात, हे मी त्यांच्या कानावर घातलेलं नाही.

परवा बालवाचनालयातल्या बाईंनी आम्हाला बोलावलं. निसर्ग आणि विज्ञानाच्या कपाटातली पुस्तकं कोणीतरी कुरतडत होतं. देवमाशाची शेपटी गेली होती. चंद्राच्या पुस्तकावर तर पौर्णिमेच्या चंद्राची कोर झाली होती.

"मुलांच्या हातात दिल्यावर हेच होणार," वाचनालयाचे चिटणीस म्हणाले. "उद्यापासून कपाटाला कुलूप. मुलांनी काचेतून बघावं."

बाईंचा चेहरा उतरला. ते कपाट त्यांनी एकेक पुस्तक मिळवून भरलं होतं.

मामांनी देवमासा हुंगला. "दात. आणि तेही दुधाचे."

मग मी तासभर मुलांचे जबडे तपासले. मुलांनी उत्साहाने आ केला. एकीने हलणारा दात तिथेच काढून पुरावा म्हणून मामांच्या हातावर ठेवला.

तेवढ्यात मामांना फळीवर चकाकती रेघ दिसली. "गोंद! म्हणजे चित्रं कापून वहीत चिकटवणारी टोळी आहे."

"पण चित्रं आहेत मामा. कडा गेल्यात."

"टोळी नवशिकी आहे," मामा म्हणाले. मग आवाज खाली आणून, "त्या बाईंवर लक्ष ठेव. फार शांत आहेत. गोगलगाय अन् पोटात पाय."

दुपारी मामी आम्हाला जेवायला न्यायला आल्या. मामांचा तपास आवरेना, म्हणून त्या मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसल्या आणि समोरचं एक कुरतडलेलं पुस्तक वाचू लागल्या.

"अहो, हे ऐका. गोगलगायीची जीभ कानशीसारखी खरखरीत असते. ती ओलसर कागदही खरवडून खाते. जाते तिथे चकाकती रेघ सोडते."

"मी कामात आहे," मामा म्हणाले.

मामींनी उठून खालच्या फळीवरची पुस्तकं बाजूला केली. मागची भिंत ओली होती, शेजारच्या खिडकीत कुंड्या होत्या, आणि कोपऱ्यात एक गोगलगाय जेवून पडली होती.

मामांची मघाची म्हण मी मामींच्या कानात सांगितली.

"नाव तुम्ही बरोबर दिलं होतं," मामी म्हणाल्या, "पण भलत्याच माणसाला."

कुलूप बारगळलं. कपाट कोरड्या भिंतीला लागलं, कुंड्या बाहेर गेल्या. गोगलगायीचं ते पुस्तक चिटणीसांनी स्वतःच्या नावावर घरी न्यायला घेतलं. मुलांच्या हट्टाखातर गोगलगाय कोबीच्या पानासकट बरणीत गेली.

"आरोपीवर पहारा मी देतो," मामा म्हणाले. आरोपीला हवा हवी म्हणून त्यांनी झाकण काढलं, खुर्ची ओढली आणि करारी चेहऱ्याने बसले. आम्ही जेवून आलो तेव्हा ते त्याच करारी चेहऱ्याने घोरत होते. बरणी रिकामी होती.

मामा दचकून उठले. "सराईत आहे. दारं लावा, खिडक्या लावा. फार लांब गेली नसेल."

"नाही," मामी म्हणाल्या. "तुमच्या कॉलरवर आहे."