डाव्या सीटवरचे हिंमतनाना

हिंमतनाना ज्याला ट्रक शिकवायला घेत, त्याला पुढे जायची बंदी असे. नुसता रिव्हर्स. पारोळ्याच्या मार्केट यार्डामागच्या मैदानात जुने टायर मांडून नाना एक अरुंद गल्ली आखत आणि आपण सकाळपासून त्या गल्लीत उलटं उलटं शिरायचं. "नाना, जरा पुढे घेऊन बघू का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "पुढे काय, म्हैसबी जास!"

मी कल्पना. माहेर भडगावचं. ट्रॅक्टर तिथंच शिकले. लग्नानंतर धुळ्यात साड्यांच्या दुकानात कामाला होते. एका बाईंनी अख्खं कपाट खाली काढायला लावलं आणि शेवटी ब्लाउजपीस घेतला, त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मोटर ड्रायव्हिंगच्या क्लासला जाऊन मी हेवीचं लायसन्स काढलं. नवरा म्हणाला, "बघ बुवा." सासूबाई तर काहीच बोलल्या नाहीत, आणि आमच्याकडे हे फार झालं.

पारोळ्याच्या प्रकाशभाऊंचे केळी वाहणारे दोन ट्रक. त्यातला एक ड्रायव्हरवाचून उभा होता. भाऊ म्हणाले, "आमचे जुने ड्रायव्हर नाना, त्यांनी हो म्हटलं की चावी तुझी." नानांनी आजवर कुणालाच हो म्हटलेलं नाही, हे मात्र भाऊंनी सांगितलं नाही. ते मला यार्डातल्या चहावाल्याने सांगितलं, तेही खुशीत. आधीच्या शिकाऊंपैकी एक सुरतला साडीच्या मिलमध्ये गेला होता, दुसऱ्याने मोबाइलचं दुकान टाकलं होतं. मी मनात म्हटलं, साड्यांतून मी आताच सुटलेय, मी काही परत जायची नाही.

नानांची शिकवायची रीत जगावेगळी. ट्रकच्या मागे उभं राहून बाकीचे लोक "येऊ दे, येऊ दे" म्हणतात. नाना गप्पा मारत. "काल वांगानं भरीत करं... तिखट व्हयनं... मना पोऱ्याना फोन उना सुरतथाईन... लवकर ठेई दिन्हा..." असं सलग, खणखणीत आवाजात. ते बोलताहेत तोवर गाडी येऊ द्यायची. ते गप्प झाले की ब्रेक. अशाने नानांच्या घरात रोज काय शिजतं, कुठली भाकरी करपली, शेजारणीने कढी दिली की नाही, हे मला तर कळलंच, पण मैदानाच्या कडेला बसलेल्या हमालांनाही पाठ झालं. एकदा भरताच्या वर्णनात मी इतकी गुंगले की नाना गप्प झालेले कळलंच नाही, आणि टायरांची रांग उधळून लावली.

"आरसा भांग पाडाले नही शे, पोरी. मांगे देखाले शे!"

हमाल खदखदून हसले. मी खाली उतरले, टायर उचलून परत मांडले आणि पुन्हा रिव्हर्स टाकला. संध्याकाळी एसटीत बसल्यावर मान वळायची नाही, घरी पोळी लाटताना लाटणंही उलटं फिरेल असं वाटायचं. पण सकाळी मी पुन्हा हजर.

नानांचा आणखी एक हट्ट होता. ते कधीच स्टिअरिंगवर बसत नसत. जेवण डाव्या सीटवर, दुपारची डुलकी डाव्या सीटवर, त्या बाजूची काचसुद्धा रोज स्वतः पुसायचे. "नाना, एकदा करून दाखवा ना," म्हटलं तर म्हणायचे, "मी दखाडं त तू काय शिकशी?" मला वाटायचं, माणूस मोठा मिजासखोर आहे.

अखेर एकदा फैजपूरला भरायला नेलं. केळीच्या बागेत ट्रक वळवायला जागा नसते. बांधावरच्या अरुंद वाटेने मागे मागे घडांच्या ढिगापर्यंत जायचं, दोन्ही बाजूंना ठिबकच्या नळ्या. मी निम्म्यावर गेले आणि चाक घसरून नळीवर चढलं. पाण्याची चिळकांडी उडाली. शेतकरी हातातलं काम टाकून धावत आला. "अहो बाई, डोळे कुठे आहेत तुमचे?"

नानांनी शांतपणे खिशातून नळी जोडायचा जॉइनर काढला. त्यांच्या खिशात सुपारीऐवजी तेच असायचं. मला चिखलात बसवून माझ्याकडून नळी जोडून घेतली. मग म्हणाले, "गाडी बाहेर काढ. पहिल्यापासून."

माझा तोल सुटला. "तुमले हां म्हननंच नही शे, नाना! कोणलेच म्हननं नही शे! मी मरेपर्यंत रिव्हर्स करू का?"

तेवढ्यात मागून घडांचा ट्रॅक्टर येऊन थांबला, त्याला वाट हवी होती. माझे हात कोपरापर्यंत चिखलाचे. मी रागातच म्हटलं, "घ्या ना तुम्हीच गाडी दोन हात पुढे!"

नाना ड्रायव्हरच्या दाराशी गेले. दाराला हात लावला. पण चढले नाहीत.

"डावा डोळा गया मना," ते म्हणाले. "काचबिंदू. लायसन परत भेटनं नही."

मी त्यांच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं.

"तुले तं कव्हापासूनच येस गाडी," ते खाली बघत म्हणाले. "पन तुले हां म्हनसू, त मी कोठे बसू?"

माझा राग जागच्या जागी विरला. इतके दिवस मी ज्याला मिजास म्हणत होते ती या माणसाची शेवटची जागा होती. मी हात ओढणीला पुसले, गाडी बाहेर काढली, ट्रॅक्टरला वाट दिली आणि पहिल्यापासून मागे घेतली. या खेपेला एकही नळी चिरडली नाही. नाना सबंध वेळ गवारीच्या भाजीबद्दल बोलत होते, पण आवाज जरा बसलेला होता.

पारोळ्याला परतल्यावर प्रकाशभाऊंनी विचारलं, "काय नाना?"

"जाई एकटी," नाना म्हणाले आणि तंबाखूची डबी शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा नाना गाडीपाशी उभे होते. डावी काच पुसून ठेवली होती. मी दार उघडून म्हटलं, "बसा ना नाना, जळगावपर्यंत तरी. भाऊंना मी सांगते."

त्यांनी मान हलवली. "नही. मी बसनू त तू मनाकडेच देखशी." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, "जाय माय. सांजले जेवाले ये. भरीत करस."

एरंडोलच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली, डोळे नीट पुसले, आणि मग निघाले.