एकशे ब्याऐंशीवाले तात्या

कुणी रजेवरून परतला की तात्या परब त्याला घरची खुशाली विचारत नसत. विचारत, "किती दिवस? येताजाताचे धरून सांग."

तात्या कणकवलीकडचे, आमच्या कंपनीत वेल्डर. मी कुवेतमधल्या मिरकाबच्या ऑफिसात माणसांच्या रजा आणि अकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, बघतो, म्हणून त्यांचा 'सायबा'. वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस भारतात काढले की कुवेतच्या पगारावरही तिकडे कर बसतो, हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून ते पासपोर्टवरचे शिक्के जपमाळेसारखे मोजत. हक्काची रजा जेमतेम तीस दिवसांची! "तात्या, अजून दीडशे शिल्लक हत," पोरं चिडवत. "हसा मेल्यानु, सरकार हसणा नाय!"

मग गावी तात्यांची बायको, आमच्या काकी, आजारी पडल्या. पोटाचा कॅन्सर. तात्या बिनपगारी रजेवर गेले आणि तो आकडा पहिल्यांदाच त्यांच्या कामाला आला. दर आठवड्याला फोन : "सायबा, नव्वद झाले. एकशे ब्यांशीच्या आत आसय मां?"

इकडे रिफायनरीचं काम अडलेलं. मॅनेजर रोज माझ्या टेबलाशी उभा. एकशे बाराव्या दिवशी मी फोनवर म्हणालो, "तात्या, नियम बदललाय. आता एकशे वीसच."

नियम खरा होता. पण भारतात वर्षाला पंधरा लाखांवर कमावणाऱ्यांसाठी. तात्यांची भारतातली कमाई म्हणजे काजूची अकरा झाडं. मला हे ठाऊक होतं.

ते आले. एकोणिसाव्या दिवशी काकी गेल्या.

तीन वर्षं मी तोंड चुकवलं. शर्कच्या मासळीबाजारात ते दिसले की मी वाट बदलायचो. गेल्या शुक्रवारी मात्र फिंतासला त्यांच्या खोलीवर गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

तात्या बांगडे साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "माका म्हायत होता. झीलान त्याच दिवशी मोबाइलार बघून सांगलेल्यान, बाबा, ह्यो नियम आपल्याक नाय."

"मग आलात कशाला?"

"तिचा कण्हणा आयकवत नव्हता रे. तू बोलवलंस, बरा झाला. 'सायब आयकणा नाय' म्हणान तुझा नाव पुढे केलंय नि पळालंय." सुरी थांबली. "झील अजून तुका शिव्या घालता. मी गप आयकतंय. त्याका खरा सांगू नको हां."

"नाही सांगत," मी म्हणालो, आणि शेजारी बसून उरलेले बांगडे साफ करायला घेतले.