देवांच्या लढाईतल्या दोन चादरी

विल्फ्रेड टँडीची माणसं बुडत होती आणि तो खुर्चीच्या टोकावर बसून बघत होता. पडद्यावरच्या टेकडीवर त्याचं एकच घर उरलं होतं.

कॉम्प्युटरवरच्या या खेळात दोघांनी देव व्हायचं. जमीन उचलायची, सपाट करायची, आपली माणसं वाढवायची आणि दुसऱ्याच्या माणसांवर पूर सोडायचा. दुसरा देव म्हणजे शेजारचा डेस्मंड प्रिचर्ड. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या त्या गल्लीत दोघांच्या खिडक्यांमधून, बागांवरून एक वायर ओढलेली होती आणि दोघे पेन्शनर रोज तिच्यावरून एकमेकांचा निर्वंश करत.

आजची बाजी मात्र खरी होती. दोन बागांमधलं हिरवं कुंपण पुरुषभर वाढलं होतं. टोमॅटोंना ऊन मिळावं म्हणून डेस्मंडला ते कमरेइतकं छाटायचं होतं. विल्फ्रेडला छाटू द्यायचं नव्हतं, कारण त्याची बायको हिल्डा रोज दुपारी त्याच कुंपणाआड मोजे काढून, पाय टेबलावर टाकून बसायची. बावीस वर्षांत शेजाऱ्यांनी तिचे पाय पाहिले नव्हते. जो जिंकेल त्यानं कुंपणाचा निकाल लावायचा, असं ठरलं होतं.

पाणी शेवटच्या घराच्या उंबऱ्याला लागलं आणि एकदम पडदा गोठला. विल्फ्रेडनं बटणं दाबून पाहिली, काही हलेना. खिडकीतून पाहिलं, तर वायरवर दोन ओल्या चादरी लोंबत होत्या आणि त्यांच्या वजनानं वायरचं टोक उपटून आलं होतं.

दुसरा कुणी असता तर कुंपणावरूनच ओरडला असता. डेस्मंडनं बूट घातले, रस्त्यानं वळसा घेतला आणि पुढच्या दाराची घंटा वाजवली.

"या ना, मिस्टर प्रिचर्ड," हिल्डा म्हणाली. "पाय तेवढे पुसा. चहा टाकलाच आहे."

त्यानं पाय पुसले, चहा घेतला, केक घेतला. हवेबद्दल बोलून झालं. मग चाचरत चाचरत चादरींचा विषय काढला.

"अगंबाई, ती वायर तुमच्या खेळाची होती का? मला वाटलं, ह्यानं एकदाची दोरी बांधली. माफ करा हं. काही महत्त्वाचं चाललं होतं का?"

शेजारी बसलेला विल्फ्रेड रिकाम्या कपात चमचा ढवळू लागला. खरं काय ते डेस्मंडच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण समोर बाई माफी मागत होती, तोंडात तिचाच केक होता आणि त्याच्या आईनं त्याला नीट वळण लावलं होतं.

"छे छे," तो म्हणाला. "काही म्हणजे काही महत्त्वाचं नव्हतं."

"मग बरं झालं," म्हणत हिल्डानं आणखी एक तुकडा वाढला.

आता कुंपणाचं नाव काढायचं तर आपण खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं. टोमॅटो यंदा पुढच्या अंगणात लावून बघतो, असं सांगून डेस्मंड घरी गेला.

संध्याकाळी विल्फ्रेड चादरी काढायला गेला. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कोऱ्या चादरी होत्या त्या; घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. शिवाय लग्न झाल्यापासून हिल्डाचं धुणं सोमवारी, आणि आज रविवार होता.

"वाळल्या का रे?" कुंपणाच्या आडोशाला बसल्या बसल्या तिनं विचारलं. पाय टेबलावर होते.

"वाळल्या," विल्फ्रेड म्हणाला आणि तिसऱ्या देवासाठी चहा टाकायला आत गेला.