वानखडे सरांचा कोतवाल

वानखडे सर कुणाकडे जेवायला बसले, की आधी ताट तिरपं करतात. रश्श्यावरची तर्री कडेला आली, की चमच्याने वाटीत काढतात आणि वाढणाऱ्या बाईंकडे बघून गोड हसतात. त्या घरून पुन्हा बोलावणं येत नाही.

सर आमचे शेजारी. अमरावतीच्या कॉलेजात जीवरसायन शिकवून रिटायर झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. रिसेप्टर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "पेशीच्या केंद्रकात हा कोतवाल बसून रायते," ते सांगतात. "चरबीचा कण येऊन चिकटला का हा जीनले हाळी देते, जाळा नाहीतर साठवा. तुमी खाऊन मोकळे, अन् तो बिचारा हाळ्या देऊन राहिला." मी माझ्या पोटावर हात फिरवून विचारलं, मग आमचा कोतवाल काय करतो? त्याचा घसा बसला असन, म्हणाले.

वहिनी हृदयविकाराने अकाली गेल्या आणि घरातून तेलाची बुधली हद्दपार झाली. लेक मनाली उकडलेल्या भाज्यांवरच वाढली.

तिचं अकोल्याच्या मुलाशी जमलं होतं. फक्त त्याच्या आईचा होकार अडला होता, आणि तिथून जेवायचं आमंत्रण आलं. मनालीने मला सोबत घेतलं आणि बापाला बजावलं, की कोतवाल घरीच ठेवा.

बेत गोळाभाताचा, भातात शिजवलेले डाळीचे गोळे. वर मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी ओतायची, तेल सगळं भातात मुरणार, म्हणजे ताट तिरपं करून उपयोग शून्य! मुलाच्या आईने मनालीच्या भातावर पळी रिकामी केली नि सरांकडे वळल्या. सरांनी ताटावर हात आडवा धरला. बाईंचा चेहरा उतरला. झालं, बसली सोयरीक बोंबलत, मी मनात म्हटलं.

सर मात्र लेकीकडे बघत होते. ती मान खाली घालून खात होती, बोटं चाटत होती, आणि कुणी आग्रह न करताच तिने आणखी तेल मागून घेतलं. सरांनी हळूच हात काढला. "वाढा," म्हणाले. बाई हसल्या. पोरगी आता आमची, असं तिथेच सांगून मोकळ्या झाल्या.

परतताना मनाली मागच्या सीटवर झोपली होती. मी चिडवायला विचारलं, सर, आज कोतवाल काय म्हणतो?

सरांनी मागे वळून झोपलेल्या लेकीकडे बघितलं.

"तिले असं खाताना मी कधी पायलंच नोयतं," म्हणाले. "मी तिले जगवत राहिलो भाऊ. जेवू घालायचं राहूनच गेलं."