पदूमामांचं बँकॉक

पदूमामांनी मुलीच्या लग्नाची वरात दोनदा काढली. पहिल्या वरातीत नवरा नव्हता आणि नवरीही नव्हती. बँड होता, घोडा होता आणि घोड्यावर मामांचा थोरला पुतण्या फेटा बांधून बसला होता, कारण त्याचं वजन आणि जावयाचं वजन साधारण सारखं होतं. "घोडा बँडला बिचकतो का न्हाय, ते आदी बगायला पायजे," असं मामांचं म्हणणं. घोडा बिचकला नाही. पुतण्याची बायको मात्र नवऱ्याला फेट्यात घोड्यावर बघून चांगलीच बिचकली.

मामांचा एकच मंत्र होता. "ट्रायल घेतल्याबिगर काम न्हाय."

भिवंडीजवळच्या कशेळीत आमचं घर मामांच्या बंगल्यासमोर. मामांच्या वडिलांची भातशेती होती, तिथं आता गोडाऊनं उभी आहेत, त्यामुळे मामांना रोज उठून कुठं जायची गरज नाही. हा सगळा मोकळा वेळ ते ट्रायलमध्ये घालवतात. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आदल्या आठवड्यात दवाखान्यात जाऊन त्या खाटेवर दोन तास पडून आले. बंगला बांधायच्या आधी मोकळ्या जमिनीवर चुन्यानं खोल्या आखल्या आणि आठ दिवस त्या खोल्यांतून वावरले. मंजुळामामी चहा घेऊन सरळ चालत आल्या की ओरडायचे, "अगं, भिंतीतून काय येतेस? दरवाजा तिकरं हाय!"

मामी वळून दरवाजातून यायच्या.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात माझं दुकान आहे. फॉर्म भरणं, झेरॉक्स, रेल्वेची आणि विमानाची तिकिटं, अशी सगळी कामं करते. एका सकाळी मामा दुकानात आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "पोरी, बँकॉकची दोन तिकिटं काड."

शेजारच्या टपरीवरचे रफिकभाई चहा घेऊन येत होते, ते दारातच थांबले. आमच्या भागात बँकॉकला कोण जातं आणि कशाला जातं, याबद्दल लोकांची काही ठाम मतं आहेत. रफिकभाई जन्मानं उत्तर प्रदेशातले, पण तीस वर्षं भिवंडीत काढल्यामुळे त्यांचीही तीच मतं.

"मामा," त्यांनी हळूच विचारलं, "दूसरा टिकट किसका?"

"मामीचा."

"मामी को लेके बँकॉक?" रफिकभाईंनी चहा खाली ठेवला. "फिर जाने का मतलब क्या?"

मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की रफिकभाई ग्लास तिथंच सोडून टपरीवर गेले.

तिकिटं दोन महिन्यांनंतरची निघाली आणि मामांचं काम सुरू झालं. पहिली ट्रायल विमानाची. मामांनी माझ्या दुकानात तीन प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींना चिकटवून मांडल्या. खिडकीशी रफिकभाई, मध्ये मामा, कडेला मी. कमरेला माझी ओढणी पट्ट्यासारखी बांधून घेतली. साडेचार तास हलायचं नाही, असा हुकूम. पहिल्या अर्ध्या तासात आधार कार्डाची झेरॉक्स काढायला एक बाई आल्या. मी उठायला लागले तर मामांनी हात धरून बसवलं.

"विमान वर हाय," त्यांनी त्या बाईंना सांगितलं. "उतरल्यावर या."

बाई घाबरून गेल्या त्या पुन्हा आल्याच नाहीत. तिसऱ्या तासाला रफिकभाईंच्या पायाला मुंग्या आल्या आणि ते मध्येच उतरले. मामांनी वहीत लिहिलं : "खिडकीची सीट नको. पाय सोडायला जागा न्हाय."

मग भाषेची ट्रायल. मामा फोनवर थाई शिकायला लागले. शिकवणारी एक बाई होती आणि तिकडे बायका बोलताना वाक्याच्या शेवटी आदरानं 'खा' म्हणतात, पुरुष वेगळं काहीतरी म्हणतात, हे मामांना कोण सांगणार? ते भेटेल त्याला हात जोडून "सवातदी खा" म्हणू लागले.

"चांगली मानसं हायत," मला म्हणाले. "नमस्कार केला तरी खा, आभार मानले तरी खा. पावण्याला उपाशी सोडायचीच न्हाय. आपल्यासारखीच."

मी खरं काय ते सांगणार होते, पण त्यांचा चेहरा इतका खूश होता की सांगितलं नाही.

पण समोरच्याला आपलं बोलणं कळलंच नाही तर? त्याचीही ट्रायल झाली. मामा अंबाडीच्या नाक्यावर गेले, अनोळखी रिक्षात बसले आणि ठरवल्याप्रमाणे एक शब्दही न बोलता हातवारे सुरू केले. त्यांना सांगायचं होतं की मला हॉटेलवर ने, जिथं जेवण आणि झोपायची सोय आहे. त्यांनी तोंडाकडे हात नेला, पोटावरून फिरवला, मान तिरकी करून डोळे मिटले. रिक्षावाल्यानं रिक्षा भरधाव सोडली ती थेट डॉक्टरच्या दारात. तिथंही मामा बोलले नाहीत. ट्रायल म्हणजे ट्रायल. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, इंजेक्शन दिलं आणि तीन दिवस मूगडाळीची खिचडी सांगितली.

"बोलता आलं न्हाय तरी मानूस डॉक्टरपत्तुर पोचतो," मामा संध्याकाळी समाधानानं म्हणाले. "मोठा प्रश्न सुटला."

रस्ता ओलांडायची ट्रायल निजामपुऱ्यातच ठेवली होती. संध्याकाळी लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शिफ्ट सुटते, तेव्हा आमच्या रस्त्यावर माणसं, रिक्षा, हातगाड्या आणि कापडाचे तागे लादलेले टेम्पो असे एकमेकांत घुसतात की रोज जाणाराही दोन मिनिटं कडेला थांबतो. मामांनी रफिकभाईंचं मनगट आपल्या डाव्या हातात पकडलं आणि रस्ता ओलांडला. मग परत आले. मग परत गेले. असं वीस वेळा. दोन साठीचे पुरुष हातात हात घालून या फुटपाथवरून त्या फुटपाथवर जातायत हे बघायला गर्दी जमली.

"मामा, लोग देख रहे हैं," रफिकभाई कळवळून म्हणाले.

"बगू दे. तू हात सोडवून बग. सोड, सोड. सुटतो का?"

हात सुटला नाही. रफिकभाईंच्या मनगटावर दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ होते.

शेवटची ट्रायल हरवायची होती. "पोरी," मामा म्हणाले, "परमुलखात मानूस हरवतोच. तर आदी हितं हरवून बगतो." योजना अशी : मामांचे डोळे टॉवेलनं बांधायचे, रिक्षात घालून लूमच्या आतल्या गल्ल्यांमध्ये फिरवायचं आणि कुठंतरी सोडून द्यायचं. खिशात फोन नाही, फक्त माझ्या दुकानाचं कार्ड. दुकान म्हणजे हॉटेल. एका तासात हॉटेलवर यायचं.

आम्ही त्यांना अकराच्या सुमाराला सोडलं. त्या गल्ल्या सगळ्या सारख्याच दिसतात. दोन्ही बाजूंना पत्र्याचे कारखाने आणि चोवीस तास खटखट. तरी मामा इथल्याच मातीतले, वीस मिनिटांत येतील असं मला वाटलं. बारा वाजले. साडेबारा झाले. एक वाजता मी शटर अर्धं ओढलं आणि रफिकभाईंना घेऊन निघाले.

मामा सापडले, आम्ही सोडलं होतं त्याच जागी. एका कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभे. डोळ्यांवरचा टॉवेल त्यांनी सोडला होता, पण तो हातात घट्ट आवळून धरला होता. सदरा घामानं भिजला होता.

"मामा! कार्ड दाखवून कुणाला विचारायचं तरी!"

"हाललोच न्हाय," मामा म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "बगत व्हतो, एका जागी उभा ऱ्हायला की कसा वाटतं."

आम्ही त्यांना पायरीवर बसवलं. रफिकभाई पाणी आणायला गेले. आतल्या लूमच्या आवाजात मला वाकून ऐकावं लागत होतं.

लग्नाला महिनाही झाला नव्हता, मामा सांगू लागले. मामी एकोणीस वर्षांच्या. कशेळीच्या खाडीपलीकडे कधी गेलेल्या नाहीत. मामांनी त्यांना अंबाडीकडच्या एका जत्रेत नेलं. बांगड्यांच्या दुकानापाशी उभं केलं आणि म्हणाले, इथंच थांब, आलोच. मोटारसायकल विहिरीत गोल फिरवतात, तो खेळ त्यांना बघायचा होता. तिथं दोस्त भेटले. खेळ दोनदा बघितला. बाहेर आले तर जत्रेत बांगड्यांची दुकानं वीस, आणि आपली बायको कुठल्या दुकानाशी उभी केली ते आठवेना.

"तीन तास, पोरी. मी सगली जत्रा पालथी घातली. आन ती तितंच उभी. पाऊल हालवला न्हवता. लोक धक्के मारत व्हते, कुनी कायबाय बोलत व्हते, तरी तितंच. कारन मी थांब म्हनलो व्हतो."

"मग? काय म्हणाल्या?"

"मना इचारलान, तुमी जेवलाव का."

मामा बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिले.

"शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्यानंतर ती कुटं आलीच न्हाय. बाजारात न्हाय, लग्नाच्या खरेदीला न्हाय, कुटंच न्हाय. चालीस वर्सं. मागं एकदा फोनवर नातीनं तिला बँकॉकचा पान्यावरचा बाजार दावला. बाया होडीत बसून भाजी इकतात. ती म्हनली, इकरं जावासा वाटतं. चालीस वर्सांत पयल्यांदा म्हनली, जावासा वाटतं. मंग मी काय करू? तिकीट काडू का नको?"

रफिकभाई पाण्याची बाटली घेऊन मागे उभे होते. त्यांनी किती ऐकलं, मला माहीत नाही. मामांना उठवताना त्यांनी आपणहून मनगट पुढं केलं.

मामा आणि मामी बँकॉकला गेले. सहा दिवस आमच्या गल्लीत चुकल्यासारखं वाटत होतं. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. मामा गॅलरीत बसले होते, थोडे वाळलेले. मामी नव्या, हत्तींची नक्षी असलेल्या पिशवीतून खाऊ काढत होत्या.

"काय मामा, कसं आहे बँकॉक?"

"चांगलं हाय."

"झोपलेल्या बुद्धाची मोठी मूर्ती बघितलीत? सोन्याची?"

मामा विचारात पडले. "मूर्ती... व्हती ना गं?"

"व्हती म्हंजे?" मामी हसल्या. मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. "ह्या टोकाला डोकी आन त्या टोकाला पाय, मदी चालून चालून दमले मी!" आणि मग त्या थांबल्याच नाहीत. नदीत होड्या एसटीसारख्या धावतात. तिकडेही देवाला झेंडूच्या माळा. आंब्याबरोबर भात खातात, वर नारळाचं दूध, आणि लागतो चांगला. मच्छी बाजारात जिवंत, पण आपल्यासारखं कालवण त्यांना जमत नाही. पाण्यावरच्या बाजारात त्या मामांच्या आधी होडीत उतरल्या, खाडीवरच्याच त्या. होडी हलली तर मामाच ओरडले. होडीतल्या फळवाल्या बाईशी मामी मराठीत बोलल्या, बाई तिच्या भाषेत बोलली, दोघींचं झकास जमलं.

चहा करायला त्या आत गेल्या, तशी मीही मागे गेले. मला राहवेना.

"मामी, गर्दीची भीती नाही वाटली?"

"मना कवा वाटली?" मामींनी आलं किसता किसता मान वर केली. "मी कुटं जायला निंगाले की ह्यांचा तोंड असा पांढरा पडायचा ना, बगवायचा न्हाय. म्हनून म्हनलं, जाऊ दे, घरीच ऱ्हावं. ह्यांना वाटतं मी भेले. वाटू दे." त्यांनी आलं उकळत्या पाण्यात टाकलं. "पन ह्या बारीला म्हनलं, आता दोगंबी म्हातारी झालो. कवा जायचं?"

"मामांनी काही बघितलंच नाही वाटतं तिकडे."

"ते कसले बगतात? सा दिवस माजा हात धरून माज्याकडंच बगत व्हते. सोन्याच्या देवळात लोक वर बगतात, हे माज्याकडं. एक मेमसाब हसली बी."

चहा घेऊन आम्ही गॅलरीत आलो. पलीकडे गोडाऊनच्या दारात कंटेनर लागत होते आणि हमाल ओरडत होते. मामांनी कप घेतला, एक घोट प्यायले आणि खुर्ची जरा मामींच्या जवळ सरकवली.

"ती होडीतली बाई," ते म्हणाले, "तुज्याशी एवडी बोलत व्हती ती. काय इकत व्हती गं?"

"पपनस. सोलून देत व्हती."

"आन दिसायला कशी व्हती?"

मामींनी पदर सावरला, पाय वर घेऊन ऐसपैस बसल्या आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागल्या. मामा कप हातात धरून ऐकत राहिले, बँकॉकला कधीच न गेलेल्या माणसासारखे.